मेहकरचा केबलवाला : एका मक्तेदारीचा अभ्यास

अर्थशास्त्राच्या तासाला मक्तेदारीचे प्रकरण चालू होते. "गावातल्या एखाद्या मक्तेदाराचे उदाहरण द्या," असे सरांनी म्हणताच मी हात वर करून "केबलवाला" असे सांगून टाकले. आळीत तार एकाचीच येते, जोडणी त्याच्याचकडून घ्यावी लागते आणि दरही तोच सांगतो. पाठ्यपुस्तकातील व्याख्येत हे उदाहरण चपखल बसते अशी माझी समजूत होती. सरांनी विचारले, "तुमच्या घरी केबल आहे?" मला नाही म्हणावे लागले. २०२३ च्या उन्हाळ्यात माझ्याच आग्रहावरून आम्ही ती बंद केली होती. "मग ज्याच्यावाचून तुमचे अडत नाही तो मक्तेदार कसा?" असे म्हणून सर पुढच्या मुद्द्याकडे वळले. वर्ग हसला. मी मात्र त्या प्रश्नापाशीच थांबले.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या भागातील केबलवाल्या काकांकडे जाऊन बसू लागले. त्यांनी जुनी पावतीबुके दाखविली, तारांची जोडणी कशी करतात ते दाखविले आणि हातचे न राखता बोलले. जोडीला दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ज्याला सर्वजण ‘ट्राय’ म्हणतात त्याचे, आदेश जमले तेवढे वाचले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे. काकांचे नाव लिहू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून ते लिहीत नाही.

केबलचा जन्म मोठ्या शहरात झालेला नाही, ही गोष्ट मला प्रथम समजली तेव्हा नवल वाटले. अमेरिकेत १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हानियासारख्या डोंगराळ राज्यातील लहान गावांना शहरातील प्रक्षेपण मिळत नसे. तेथील दुकानदारांनी टेकडीवर एक मोठा अँटेना उभारला आणि तेथून तार ओढून घरोघर चित्र पोहोचविले. दूरचित्रवाणी संच खपावेत एवढाच त्यांचा हेतू होता. आपल्याकडची कथा फारशी निराळी नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, परंतु बुलडाणा जिल्ह्यातील घाटावरच्या आमच्या मेहकरला त्याचा काय उपयोग? पुढे प्रक्षेपक वाढले, तरी लोखंडी पाइपावर चढविलेला अँटेना फिरवीत "आलं का? आता आलं का?" असे माडीवरून ओरडणे हा घरोघरचा कार्यक्रम होता, असे वडीलधारी मंडळी सांगतात. पडद्यावर बहुधा मुंग्याच दिसत. गणपतीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हिडिओ भाड्याने आणीत आणि एका रात्रीत तीन सिनेमे पाहत.

१९९१ चे आखाती युद्ध उपग्रहामार्फत जगाने घरबसल्या पाहिले. त्याच वर्षी स्टार टीव्हीच्या वाहिन्या आल्या आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाली. गच्चीवर छत्री बसवावी, एक-दोन व्हिडिओ यंत्रे जोडावीत आणि घरांच्या कडेकडेने, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून तार ओढावी, एवढ्या भांडवलावर देशभर हजारो तरुणांनी हा धंदा सुरू केला. रेडिओ दुरुस्तीचे दुकान असलेले आमचे काका त्यांपैकीच एक. सरकारला या धंद्याची दखल घेण्यास थोडा वेळ लागला. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ साली झाला आणि केबलचालकाने मुख्य टपाल कार्यालयात पाचशे रुपये भरून नोंदणी करावी असे ठरले. टपाल खात्याने केबलवाल्याला परवाना द्यावा हे आज गमतीचे वाटते. पण ही पद्धत जवळजवळ तीस वर्षे चालली. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलून ही नोंदणी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नेण्यात आली.

पुढे अल्फा मराठी १९९९ साली व ईटीव्ही मराठी २००० साली आली आणि केबल खऱ्या अर्थाने स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. तोवर ती पुरुषांची, क्रिकेटची आणि हिंदी सिनेमाची होती.

त्या काळातील धंद्याचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. तारेतून सगळ्या वाहिन्या सगळ्यांकडे एकाच वेळी जात. कोणत्या घरी काय पाहिले जाते हे कोणालाच कळत नसे, आणि मुख्य म्हणजे घरे किती हेही केबलवाल्याखेरीज कोणाला ठाऊक नसे. वाहिनीवाले ग्राहकसंख्येवर पैसे मागत. केबलवाला संख्या कमी सांगे. करमणूक कर तहसील कार्यालयात भरावा लागे; तेथेही तीच कमी संख्या. "तवा खरा आकडा माह्या वहीत, आन् वही माह्या उशाखाली," असे काका हसत सांगतात. मी त्यांचे हे वाक्य मुद्दाम लिहिते, कारण केबलवाल्यावर झालेल्या अन्यायाविषयी पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना ही बाजूही वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती मक्तेदारी होती यात शंका नाही, आणि तिचा आधार तारेइतकाच त्या वहीवर होता.

ही वही सरकारने डब्याच्या साहाय्याने उघडली. २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन केबलचे अंकीकरण, म्हणजे डिजिटायझेशन, सक्तीचे झाले. पहिल्या टप्प्यात २०१२ साली मुंबई, दिल्लीसारखी महानगरे आली. दुसऱ्या टप्प्यात २०१३ साली पुणे, नागपूर, औरंगाबादसारखी शहरे. तिसरा टप्पा उरलेल्या नगरपालिकांच्या गावांचा, म्हणजे मेहकर शहराचा, आणि चौथा बाकी सर्व देशाचा, म्हणजे डोणगाव, जानेफळ, हिवरा आश्रम अशा आमच्या तालुक्यातील गावांचा. तिसऱ्या टप्प्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती, परंतु न्यायालयांतील दाव्यांमुळे ती लांबत ३१ जानेवारी २०१७ पर्यंत गेली; चौथ्याची ३१ मार्च २०१७ पर्यंत.

डबा आला आणि चित्र स्वच्छ झाले हे खरेच आहे. पण त्याबरोबर आणखी एक बदल झाला, तो ग्राहकाच्या लक्षात आला नाही. डिजिटल संकेत कुलूपबंद असतो. कोणत्या डब्याला कोणती वाहिनी उघडावी याची किल्ली गावातील केबलवाल्याकडे नसते. ती मोठ्या वितरकाकडे, ज्याला धंद्यात ‘एमएसओ’ म्हणतात त्याच्याकडे, असते. काकांची स्वतःची छत्री तेव्हापासून गच्चीवर गंजत पडली आहे. त्यांना मोठ्या वितरकाचा संकेत घ्यावा लागतो, त्याचे डबे लावावे लागतात आणि प्रत्येक डब्याची नोंद त्याच्या संगणकात असते. उशाखालची वही संपली. काल जो मालक होता तो आज वसुली करणारा व दुरुस्ती करणारा झाला. जबाबदारी त्याची, शिव्या त्याला आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात.

आता दराकडे वळू. ट्रायची नवी दरपद्धती २०१७ साली ठरली व फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आली. तिच्यानुसार ग्राहकाने जोडणीचे शुल्क म्हणून दरमहा १३० रुपये द्यायचे, त्यात दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्या धरून शंभर वाहिन्या घ्यायच्या, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. १३० वर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की १५३ रुपये ४० पैसे होतात. वाहिनीची किंमत वाहिनीवाला ठरविणार. मात्र १९ रुपयांहून महाग वाहिनी गठ्ठ्यात घालता येणार नाही. वितरक आणि गावचा केबलवाला यांच्यात निराळा करार झाला नाही तर वाटणी ५५ व ४५ अशी.

हा हिशेब मी काकांच्या ओट्यावर बसून केला. जोडणी शुल्कातील १३० रुपयांपैकी ४५ टक्के म्हणजे ५८ रुपये ५० पैसे केबलवाल्याचे. १९ रुपयांच्या वाहिनीत वितरणापोटी २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे मिळतात. त्यातील ४५ टक्के म्हणजे १ रुपया ७१ पैसे काकांच्या वाट्याला. उरलेले १५ रुपये २० पैसे वाहिनीवाल्याचे आणि २ रुपये ९ पैसे वितरकाचे. या रकमेतून तार, खांबाचे भाडे, दुरुस्तीचा पोरगा, पेट्रोल आणि बुडीत बाकी हे सर्व भागवायचे. ग्राहकाला मात्र दिसते ते एवढेच की महिन्याचे बिल तीनशेच्या घरात गेले आणि ते मागायला दारात काका उभे आहेत. पुढे २०२० मध्ये १३० रुपयांत दोनशे वाहिन्या द्याव्यात असे ठरले, १९ ची मर्यादा १२ करण्याचा आदेश झाला, त्यावर मुंबई उच्च न्यायालयात दावे चालले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा १९ झाली. या खटाटोपाचा तपशील येथे देत नाही. वाचकाला कंटाळा येईल आणि मलाही तो पुरता उलगडलेला आहे असे नाही.

केबलवाला, वितरक आणि वाहिनीवाले या रीतीने एकमेकांशी भांडत असतानाच खिशातून तिसरेच काही येऊन उभे राहिले होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती ग्राहकाला फुकट मिळाली. तारखांचा योगायोग पाहा : मेहकरच्या केबलवर डबा सक्तीचा झाला तो जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे ज्या महिन्यांत काका घरोघर जाऊन "डब्याचे पैसे द्या, नाही तर पडदा काळा होईल" असे सांगत होते, त्याच महिन्यांत त्या घरातील पोराच्या हातात चलच्चित्र फुकट चालत होते. त्यापूर्वी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास पडत आणि ते महिनाभर पुरवावे लागे. त्यानंतर रोज एक, दीड, दोन जीबी अशी सवय लागली. हॉटस्टार २०१५ साली, झी फाइव्ह २०१८ साली, अशी वाहिनीवाल्यांचीच ॲप निघाली. केबलवाल्याकडे ज्या मालिकेचे पैसे भरायचे तीच मालिका वाहिनीवाला स्वतः मोबाईलवर देऊ लागला. किराणा दुकानदाराला माल पुरविणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याने त्याच्याच दारासमोर हातगाडी लावावी, तसा हा प्रकार.

मोबाईल का जिंकला याचे उत्तर शहरात ‘सोय’ या एका शब्दात देतात. आमच्या भागात त्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वीज. दूरचित्रवाणी संच विजेवर चालतो आणि मोबाईल स्वतःच्या बॅटरीवर. भारनियमनाच्या वेळी केबलचा संकेत दारापर्यंत आला तरी संच बंद. शिवाय शेतीपंपाला वीज कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. रात्रीच्या पाळीला मोटार सुरू करायला गेलेला शेतकरी विहिरीच्या काठावर बसून क्रिकेटचा सामना किंवा कीर्तन पाहतो. माझे मामा असेच पाहतात. तेथवर कोणती केबल जाणार होती? हा प्रेक्षक केबलवाल्याकडून कोणी हिरावून घेतला असे म्हणता येणार नाही. तो त्याचा कधी नव्हताच.

येथे तंत्राविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. केबल किंवा उपग्रह यांचे प्रसारण देवळातील भोंग्यासारखे असते : ऐकणारे दहा असोत की दहा हजार, भोंगा एकच आणि खर्चही तोच. इंटरनेटवरील चित्र पोस्टमनसारखे असते : प्रत्येक घरी वेगळे पाकीट. शंभर जणांनी तोच सामना पाहिला तर शंभर वेगळे प्रवाह वाहतात. मे २०२३ मध्ये आयपीएलचा अंतिम सामना जिओसिनेमावर एका वेळी तीन कोटींहून अधिक लोक पाहत होते. तेवढी पाकिटे एकाच क्षणी वाटण्यासाठी जागोजागी साठवणीचे संगणक ठेवावे लागतात, मनोरे वाढवावे लागतात, आणि तरीही ऐन षटकारावर चित्र थांबून गोल चक्र फिरू लागते. शेजारी केबलवर गलका आधी होतो आणि मोबाईलवर षटकार काही सेकंदांनी दिसतो, हा अनुभव कोणाला नाही? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर प्रसारणात पुढच्या ग्राहकाचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य, आणि इंटरनेटवर तो शून्य नाही. तरीही ग्राहकाला इंटरनेट स्वस्त वाटते, कारण डेटाचे पैसे त्याने आधीच भरलेले असतात. सिनेमा, अभ्यास आणि पैशांची देवघेव सगळे त्यातच. जुलै २०२४ च्या आरंभी खासगी मोबाईल कंपन्यांनी दर वाढविले, आणि ज्या आयपीएलसाठी मी केबल बंद करविली तो २०२५ साली पूर्वीसारखा सरसकट फुकट राहिला नाही. हे मी प्रामाणिकपणे नमूद करते.

मोठ्या कंपन्यांनी या बदलाला कसे तोंड दिले? छत्रीतून थेट घरात दूरचित्रवाणी देणाऱ्या कंपन्यांनी प्रथम डबाच बदलला. ज्या डब्यात उपग्रहाची तार व इंटरनेट दोन्ही जोडता येतात असे डबे २०१९-२० च्या सुमारास आले. मग त्यांनी निरनिराळी ॲप एका वर्गणीत बांधून विकणे सुरू केले. टाटा स्कायने ‘बिंज’ आणि डिश टीव्हीने ‘वॉचो’ याच वाटेने नेले. टाटा स्कायने तर जानेवारी २०२२ मध्ये नावातील ‘स्काय’ काढून ‘प्ले’ केले. आकाशाशी नाते सांगणारा शब्द कंपनीला अडचणीचा वाटू लागला, यावरूनच वारा कोणीकडे आहे ते कळते. तरीही गळती थांबली नाही. ट्रायच्या आकड्यांनुसार अशा सशुल्क छत्र्यांचे ग्राहक २०२१ मध्ये सुमारे सात कोटी होते, ते २०२४ च्या अखेरीस सहा कोटींच्या खाली आले. केबल वितरकांच्या महासंघाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात केबल व छत्री मिळून सशुल्क घरे २०१८ मधील १५ कोटी १० लाखांवरून २०२४ मध्ये ११ कोटी १० लाखांवर आल्याचे म्हटले आहे. हा अहवाल ज्यांचे नुकसान झाले त्यांनीच काढलेला आहे, म्हणून त्यातील अंदाज थोडे जपून घ्यावेत. पण घसरणीची दिशा ट्रायच्या आकड्यांशी जुळते.

दुसरा डाव मोठ्या भांडवलाचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने डेन आणि हॅथवे या दोन मोठ्या केबल वितरण कंपन्यांचे बहुसंख्य भाग घेण्याचे जाहीर केले. मोबाईल ज्याचा, त्याचीच केबल. वितरक कंपनीत त्याला गोडी होती ती मालिकांची नव्हे, तर गावोगाव घरापर्यंत पोहोचलेल्या तारेची आणि ती तार सांभाळणाऱ्या माणसांची. अमेरिकेतही हेच घडले. तेथील कॉमकास्टसारख्या केबल कंपन्यांचे दूरचित्रवाणीचे ग्राहक घटत गेले, परंतु त्याच तारेतून इंटरनेट विकून त्या टिकल्या. केबलवाल्याची खरी मालमत्ता कार्यक्रम नसून तार आहे, हा धडा तेथे आधी गिरविला गेला.

आमच्या काकांना हा धडा कोणी पुस्तकातून शिकविला नाही. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरू लागल्या तेव्हा लोक त्यांना विचारू लागले, "तुमच्या तारेतून नेट येते का?" जुन्या तांब्याच्या तारेतून त्यांना ते देणे शक्य नव्हते. मग त्यांनी सोसायटीचे कर्ज काढून काचतंतूची, म्हणजे फायबरची, तार टाकावयास घेतली. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या निरनिराळ्या लहरी जातात. एका लहरीवर दूरचित्रवाणी आणि दुसऱ्यांवर इंटरनेट, दोन्ही एकाच तंतूत. मधल्या वाटेवर विजेवर चालणारे वर्धक लागत नाहीत, त्यामुळे वाटेतल्या खांबावरची वीज गेली म्हणून पुढची आळी बंद पडत नाही. तंतू तुटला तर मात्र पक्कडीने पिळून भागत नाही. दोन टोके यंत्रात धरून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडावी लागतात. हे यंत्र महाग. पन्नाशी ओलांडलेल्या काकांनी ते काम भावाच्या मुलाकडून शिकून घेतले. मी पाहिले तेव्हा ते जनता चौकाकडच्या खांबाखाली खुर्ची टाकून, चष्मा कपाळावर सरकवून, गुडघ्यावरच्या यंत्रात दोन टोके जुळवीत होते. वरून ट्रॅक्टरवर उंच लादलेला चारा गेला होता आणि तार घेऊन गेला होता. कापणीच्या दिवसांत हे नेहमीचेच, असे ते म्हणाले.

इंटरनेट ते स्वतः देत नाहीत, एका सेवा कंपनीकडून घाऊक घेऊन पुढे देतात. त्यामुळे किल्ली याही धंद्यात दुसऱ्याच्याच हातात आहे. मी तसे म्हटल्यावर ते म्हणाले, "काय सांगू माय, पहिले लोक मले म्हनत, मॅचच्या टायमाले केबल बंद पडू देऊ नका. आता केबल बंद पडली तं दोन-दोन दिवस कोनी फोन करत नाही. पन नेट पाच मिनिटं गेलं, का फोनवर फोन. ज्याच्यासाठी फोन येते तोच धंदा." या एका वाक्यात मागणीच्या लवचिकतेचे सगळे प्रकरण आले, असे मला वाटले.

परंतु तार हीही आता अखेरची तटबंदी राहिलेली नाही. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोघांनी तारेवाचून, मोबाईलच्या मनोऱ्यावरूनच, घरात इंटरनेट देणारी यंत्रे बाजारात आणली. गच्चीवर एक डबी बसवायची की झाले. त्या डबीबरोबर वाहिन्या आणि ॲप यांचा गठ्ठाही मिळतो. म्हणजे गच्चीवरची छत्री जाऊन खाली तार आली आणि तार जाऊन पुन्हा गच्चीवर डबी आली. काकांचे कर्ज अजून तीन वर्षे फिटायचे आहे.

दुसऱ्या बाजूनेही बांध फुटलेला आहे. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याला काहीच द्यावे लागत नाही, आणि खासगी वाहिन्या तेथे जागा मिळविण्यासाठी लिलावात बोली लावतात. आज ती चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. आमच्या तालुक्यातील खेड्यांत मजुरांच्या घरांवर ज्या छत्र्या दिसतात त्यांतील बऱ्याच याच. म्हणजे ज्याला महिन्याला पैसे देणे जड जाते तो फ्री डिशकडे गेला, ज्याला हवे तेव्हा हवे ते पाहायचे तो मोबाईलकडे गेला. आणि केबलवाल्याकडे उरली ती मधली घरे, त्यातही म्हातारी माणसे. आमच्याच घरचे उदाहरण देते. केबल बंद केल्यावर आजीला मी मोबाईलवर तिची मालिका लावून देत असे. तिला पडदा लहान पडे, बोट लागून भलतेच काही सुरू होई आणि मी कॉलेजात असले की मालिका हुके. तिने तक्रार केली नाही; ती शेजारच्या घरी जाऊ लागली. शेवटी फ्री डिश बसविली, पण तिची मालिका तेथे लागत नाही.

एक गोष्ट केबलवाल्याकडे होती जी कोणत्याही ॲपकडे नव्हती : गावची स्वतःची वाहिनी. शारंगधर बालाजीच्या मंदिरातील उत्सव, गणपतीची मिरवणूक, दहावीच्या निकालात पहिली आलेली मुलगी, नगरपालिकेची पाण्याची सूचना, कापड दुकानाची पाटी. हे सर्व काका एका कॅमेऱ्यावर दाखवीत आणि जाहिरातीतून दिवाळीचा खर्च काढीत. कायद्यात अशा कार्यक्रमांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमही झाले. पण तोवर मिरवणूक पोरांनी मोबाईलवरून थेट यूट्यूबवर दाखवायला सुरुवात केली होती, आणि ती पुण्यात नोकरीला असलेला मेहकरकरही पाहू शकतो. येथे मोबाईल सरस आहे हे काकाही मान्य करतात. मात्र पाण्याची सूचना आता कोण देते हे मी बऱ्याच घरी विचारले. व्हॉट्सॲपवर येते, असे उत्तर मिळाले. खरी की खोटी हे नळ आल्यावर कळते.

आता कायद्याच्या न्याय-अन्यायाविषयी. केबलवाल्यांची तक्रार अशी की, आमचे दर, वाहिन्यांचे गठ्ठे, पावती, तक्रारनोंद सगळे ट्राय ठरविते आणि तेच कार्यक्रम ॲपवर देणाऱ्याला यातले काहीच लागू नाही. तक्रारीत तथ्य आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण सेवांच्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला होता. त्यात ॲपनाही एका चौकटीत आणण्याचा विचार होता, परंतु त्यावर गदारोळ झाला आणि त्याचा कायदा झालेला नाही. माझे स्वतःचे मत असे की, ॲपवर केबलचीच बंधने लादणे हा उपाय नव्हे. त्यातून मोठ्या कंपन्यांचे वकील पोसले जातील आणि मोबाईलवर आपले लहानसे चित्रण टाकणारा पोरगा अडकेल. उलट केबलवरची बंधने काढावीत हे अधिक सयुक्तिक. २०२४ मध्ये ट्रायने जोडणी शुल्कावरील मर्यादा काढून त्या दिशेने एक पाऊल टाकलेही. पण दर वाढविण्याची मोकळीक ग्राहक पळू लागल्यावर मिळाली तर तिचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. काकांनी दर वाढविले नाहीत. वाढविले असते तर आणखी घरे गेली असती, असे ते म्हणतात.

सुट्टी संपल्यावर मी हे सर्व सरांना सांगितले. केबलवाला मक्तेदार होता, पण वहीच्या जोरावर. डब्याने ती मक्तेदारी वितरकाकडे नेली आणि मोबाईलने ती वितरकाकडूनही काढून घेतली, असे माझे उत्तर होते. सरांनी विचारले, "मग आज मक्तेदार कोण?" मी म्हटले, "मोबाईलच्या मनोऱ्याचे मालक. पण ते एक नाहीत, दोन-तीन आहेत." सर म्हणाले, "त्याला अल्पाधिकार म्हणतात. ते प्रकरण पुढच्या महिन्यात आहे."

काकांना मी हा लेख वाचून दाखविला. उशाखालच्या वहीचे वाक्य काढून टाकावे का, असे विचारले. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "राहू दे. तवाचं खरं आहे ते." आणि फोन वाजला म्हणून यंत्राची पेटी घेऊन निघाले. कुठल्यातरी घरी नेट गेले होते.